डोया आणि डोई

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे बसते तेव्हा देवालाही नाही — तिथे मी हुशारीनं दुसऱ्याच चुका कबूल करते. एकादशीला चहात चुकून बिस्कीट बुडवलं, जावेच्या नव्या साडीला तोंडदेखलं 'छान' म्हटलं, असल्या. देव बिचारा ऐकून घेतो. त्यालाही एव्हाना कळलं असेल, की ही बाई खरं बोलायच्या आधी आजूबाजूचं फार बोलते.

आत्ताही तेच चाललंय, नाही का?

तर सांगते. गोष्ट एका कुत्र्याची आहे, त्याच्या अंगावरच्या गोचिडांची आहे. आणि एका म्हाताऱ्या बाईची — खरं तर तिचीच. पण तिच्यापर्यंत जायला मला कुत्र्याच्या मागूनच जावं लागतं. सरळ गेले तर पाय अडखळतो.

पंधरा वर्षांपूर्वी आम्ही कोराडीला राहायला गेलो. वीज केंद्र नवं, कॉलनी त्याहून नवी, हे तिथे इंजिनियर. वाळत घातलेले कपडे संध्याकाळपर्यंत राखेनं करडे व्हायचे, आणि बायका दोरीवरून काढताना ते असे झटकायच्या की जणू नवऱ्यांनाच झटकतायत. मी माहेरची साताऱ्याकडची. पण नागपूरकरांच्या लेखी अकोल्याच्या पलीकडे सगळं पुणंच, त्यामुळे मी कॉलनीभर 'पुण्याच्या बाई'. माझ्या बोलण्याचा मला तेव्हा फार अभिमान होता. इथली माणसं 'मले', 'तुले' म्हणतात, डोळ्याला 'डोया' म्हणतात, याची मला गंमत वाटायची. मी घरी नकला करून दाखवायचे. हे पोट धरून हसायचे. नकला मला चांगल्या येतात — हे नुसतं फुशारकीनं सांगत नाहीये. त्याचा पुढे संबंध आहे.

लग्नाला सहा वर्षं झाली होती, घरात मूल नव्हतं. एक दिवस ह्यांनी केबलसाठी खणलेल्या चरातून एक पिल्लू उचलून आणलं. त्याच दिवशी मी इस्त्री, शेगडी आणि रेडिओ एकदम लावून घरातला फ्यूज उडवला होता. अंधारात हे पिल्लू घेऊन उभे. म्हणून त्याचं नाव फ्यूज. रंग पिवळट तपकिरी, कान एक उभा, एक पडका, आणि डोळे — डोळे फार छान होते त्याचे. मधासारखे. हे मी पहिल्यांदाच लिहितेय. बोलताना मी त्याच्या डोळ्यांचा रंग कधी सांगत नाही.

फ्यूज वर्षाचा झाला आणि त्या पावसाळ्यात त्याला गोचीड झाले. ज्यांनी कुत्रं पाळलेलं नाही त्यांना हे कळायचं नाही. आधी तिळाएवढे दिसतात, तुम्ही म्हणता धूळ असेल. मग रक्त पिऊन फुगतात, थेट एरंडाच्या बीएवढे, राखाडी, गुळगुळीत. कानाच्या आत ओळीनं बसतात. बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या मुळाशी, पापणीच्या कडेला. पोट भरलं की खाली उतरतात आणि भिंतीवरून चालू लागतात. मी विंचू मारलेला आहे, उंदीर शेपटीला धरून बाहेर टाकलेला आहे. पण गोचिडाला बोट लावायचं म्हटलं की मी किळसेनं हात मागे घ्यायचे. मग मी काय केलं? स्वयंपाकघरातली सांडशी घेतली. फ्यूजला दोन्ही गुडघ्यांत धरलं आणि सांडशीनं गोचीड ओढायला लागले. गोचीड निघेना, केस निघाले, फ्यूज असा केकाटला की मागच्या ओळीतून आवाज आला —

"काय वं पोरी, गोचीड काहाडून राहिली का भाकर शेकून राहिली?"

ही अनसामाय. नाव अनसूयाबाई, पण सगळी कॉलनी अनसामाय म्हणायची. आमच्या मागच्या अंगणाची कमरेएवढी भिंत, भिंतीपलीकडे तिचा मुलगा वसंता याचं क्वार्टर. वसंता बॉयलरवर होता, ह्यांच्याच हाताखाली. त्याची बायको रेखा नागपूर शहरातली, बोलायला गोड, तेव्हा तिला सातवा महिना होता. अनसामाय सावनेरच्या पलीकडच्या खेड्यातली. जन्म शेतात आणि गोठ्यात गेलेला. नवरा गेल्यावर मुलानं इकडे आणलं, आणि इथे काय — दोन खोल्या, एक नळ, आणि करायला काही नाही. ना बैल, ना म्हैस, ना निंदण.

पण तिला औषधं यायची. कुणाच्या पोराला खोकला झाला, कुणाची पाठ धरली, की बायका भिंतीवरून हाक मारायच्या. ती पदराला हात पुसत यायची. तेवढ्या वेळापुरती ती कॉलनीतली कुणीतरी असायची. हे मला तेव्हाही दिसत होतं. आंधळी नव्हते मी. ... बघा, शब्दसुद्धा कसे येतात.

त्या दिवशी ती भिंत ओलांडून आली — साठीची बाई, लुगड्याचा कासोटा सावरत, एका ढांगेत. माझ्या हातातली सांडशी काढून घेतली. डब्याच्या झाकणात थोडं मातीचं तेल मागितलं. मातीचं तेल म्हणजे रॉकेल, हे मला तिथे पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तिचं बोलणं मला कळायचं, हे लक्षात ठेवा. फ्यूजचं डोकं तिनं मांडीवर घेतलं आणि शिकवलं. गोचिडाला पोटाशी धरायचं नाही, फुटतो. अगदी कातडीला लागून, तोंडापाशी नखात धरायचं आणि सरळ वर उचलायचं, पिरगळायचं नाही. तोंड आत राहिलं तर तिथे गाठ होते. काढला की मातीच्या तेलात. जमिनीवर टाकून चिरडायचा नाही. कुत्रा झोपतो ते पोतं उन्हात टाकायचं, भिंतीच्या फटींना चुना भरायचा, नाहीतर वरून काढाल आणि खालून चढतील. फ्यूज डोळे मिटून पडला होता. तासाभरात झाकण भरलं.

दोन महिने ती आठवड्यातून एकदा यायची. काम करता करता बोलायची, आणि बोलणं फिरून फिरून एकाच जागी यायचं — रेखाच्या बाळावर. पाय लांब करून बसायची, स्वतःच्या नडग्यांवर हात फिरवायची आणि म्हणायची, "या पायावर वसंता न्हाला, त्याच्या बहिनी न्हाल्या. आता एक डाव नातू का नात, कोनी बी येऊ दे." तिनं ओवा घालून तिळाचं तेल आधीच कढवून ठेवलं होतं. बाळुत्यांसाठी जुनी मऊ लुगडी धुऊन घड्या करून पेटीत ठेवली होती. मला ती एकदा उघडून दाखवलीसुद्धा. मला मूल नव्हतं, तरी दाखवली. आणि दाखवून झाल्यावर एकदम ओशाळली, पेटी मिटली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

आता येते त्या दिवसावर.

दसरा होऊन गेला होता. माझ्याकडे महिला मंडळाच्या बायका यायच्या होत्या, दुपारी तीनला. आदल्या खेपेला एका साहेबीणबाईंच्या रेशमी पदरावरून आमच्या फ्यूजचा एक टपोरा गोचीड चालत गेला होता, आणि बाईंनी तो कार्यक्रमभर पिन समजून दोनदा बोटानं सरळ केला होता. कळलं तेव्हा जी किंकाळी फुटली! त्यामुळे या खेपेला घर आणि कुत्रा, दोन्ही निर्मळ हवं होतं. अनसामायला सकाळी सांगितलं. तिच्या घरी त्या दिवशी पाहुणे. ती म्हणाली, आज मला जमायचं नाही, पण हे घे. आणि वाटी दिली. सीताफळाच्या बिया वाळवून, पाट्यावर वाटून, तेलात कालवलेल्या. गोचीड, उवा, सगळ्यांवर जालीम.

आणि सांगितलं. काय सांगितलं, ते मला आजही तिच्या आवाजात ऐकू येतं: "पाठीले लाव, मानीले लाव, पायाच्या बेचक्यात लाव. अर्ध्या घंट्यानं धुवून टाक. डोयाले नोको लागू देऊ वं, डोया जाते. कानापासचे अन् डोयापासचे हातानंच काहाडजो."

हे सांगताना तिनं स्वतःचं बोट स्वतःच्या डोळ्याखाली टेकवलं होतं.

शब्दांबद्दल मी पुढे पुष्कळांना पुष्कळ सांगितलं. बोटाबद्दल मला कुणी कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. बोट कसं चुकीचं ऐकू येणार?

दुपारी एकला मी फ्यूजला मागच्या अंगणात बांधलं. पाठीला लावलं, मानेला लावलं. मग कान राहिले आणि डोळ्यांच्या कडा राहिल्या. तिथेच सगळ्यांत जास्त होते — डाव्या पापणीवर तीन, उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात एक, फुगलेला. हातानं काढायचे होते. मला किळस आली. घड्याळात दीड वाजला होता, चिवडा परतायचा होता. मी मनाशी म्हटलं — काय होतंय एवढ्यानं? म्हाताऱ्या माणसांना उगाच घाबरवून सांगायची सवय असते. आणि दोन बोटं वाटीत बुडवून मी ते कानाला, कपाळाला, पापण्यांना चोळलं.

माहीत असून. ऐकून, समजून, माहीत असून.

फ्यूज लगेच डोळे पंजानं घासायला लागला. मी ते पाहिलं. आणि मग काय केलं असेल मी? आधी माझे हात धुतले. साबणानं, तीनदा. मग त्याच्या तोंडावर अर्धा तांब्या पाणी मारलं, त्यानं मान झटकली, माझी साडी भिजली, मी चिडले आणि आत गेले. भिंतीपलीकडे पंधरा पावलांवर अनसामाय होती. एक हाक मारली असती तर ती पाहुणे सोडून आली असती, तिनं काय ते केलं असतं. पण हाक मारली असती तर तिला कळलं असतं की मी तिचं ऐकलं नाही. म्हणून मारली नाही.

तीनला बायका आल्या. फ्यूज मागे कण्हत होता, भिंतीला तोंड घासत होता. कुणीतरी विचारलं, "कुत्रं काहून रडून राहिलं हो?" मी म्हटलं, "आंघोळ घातली ना, राग आलाय." सगळ्या हसल्या. मी चिवडा वाढला. साडेपाचला त्या गेल्या तेव्हा फ्यूजच्या पापण्या सुजून मिटल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी जीप मिळवून त्याला नागपूरला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. मीही गेले. डॉक्टरांनी पापण्या उघडल्या. आत दूध सांडल्यासारखं पांढरं होतं. बियांचं नाव ऐकून ते म्हणाले, हे डोळ्याला फार वाईट. तेव्हाच्या तेव्हा बादलीभर पाण्यानं धुतले असते तर कदाचित... किती वेळानं धुतले? मी म्हटलं, लगेच. हे पहिलं खोटं.

बाहेर आल्यावर हे जीपला टेकून उभे राहिले. माणूस रागावला असता तर बरं झालं असतं. फ्यूज ह्यांच्या हातावर, तोंड बगलेत खुपसलेला. ह्यांनी एवढंच विचारलं, "डोळ्यांना लावायला तुला सांगितलं कुणी?"

आणि माझ्या तोंडून निघालं. मी आधी जुळवलेलं नव्हतं. म्हणजे मला तसं वाटतं. मी म्हटलं, "अनसामायचं बोलणं मला कुठे नीट कळतं? त्या म्हणाल्या, 'डोईले लाव', मला तरी तसंच ऐकू आलं. मी डोक्याला लावलं. ते ओघळलं असेल."

डोया आणि डोई. काय सुरेख बसलं होतं! पुण्याची बाई, वऱ्हाडी म्हातारी, एका अक्षराचा घोटाळा. ह्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, आणि एवढ्या दुःखातही त्यांना हसू आलं. म्हणाले, "त्या म्हातारीच्या तोंडात सदा तंबाखू. बोलते एक आणि ऐकू येतं एक." झालं. मी सुटले.

सुटले म्हणजे — तुम्ही समजलात.

संध्याकाळी हे भिंतीपाशी गेले. माझा नवरा दुष्ट नाही. रागानं नाही, थट्टेनंच म्हणाले, "वसंता, आईला सांग बाबा, औषध सांगताना तंबाखू थुंकून बोलत जा म्हणावं. आमच्या हिनं डोयाची डोई केली." वसंता आधी हसला, साहेब हसले की हसावं लागतं. मग काय झालं ते कळल्यावर त्याचा चेहरा पडला. तो आत गेला आणि आतून त्याचा आवाज आला, आम्हाला ऐकू यावा एवढा मोठा: "कितीदा सांगतलं तुले माय, साहेबाच्या घरी डाक्तरी नोको करत जाऊ! आता त्या मुक्या जीवाचे डोये कोन भरून देईन?"

अनसामायचा आवाज आला, "म्या तं तिले —"

आणि थांबला. तेवढाच. पुढचं वाक्य मी भिंतीला कान लावून ऐकत राहिले. ते आलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी ती आली. या खेपेला भिंतीवरून नाही. वळसा घालून, फाटकातून, परक्यासारखी. हातात मातीच्या तेलाचं झाकण घरूनच आणलेलं. माझ्याकडे न बघता फ्यूजपाशी बसली. पाऊल ऐकून तो मागे सरला, मग वास ओळखला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिनं त्याच्या कानातले, मानेवरचे, त्या मिटलेल्या डोळ्यांच्या कडांवरचे राहिलेले गोचीड एकेक करून काढले. हातानं. मी दारात तांदूळ निवडत उभी. उभ्यानं कुणी तांदूळ निवडतं का? मी निवडत होते.

शेवटचा गोचीड झाकणात टाकून ती खालमानेनंच म्हणाली,

"आमी डोक्सं म्हनतो वं पोरी. डोई नाई म्हनत."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. खरंच की. तिच्या तोंडात तो शब्द मी कधी ऐकला नव्हता. डोकं दुखलं तर 'डोक्सं दुखते', पदर घ्यायचा तर 'डोक्शावर घे'. 'डोई' हा माझा शब्द. माझी आई म्हणायची, डोईवर पदर घे. तिच्या तोंडी घालायला मी शब्द उचलला तो माझ्याच माहेरचा. एवढी नकला करणारी मी, आणि नेमकी तिथे चुकले. ह्यांचं बालपण शहरात गेलेलं, त्यांच्या ते लक्षात आलं नाही. वसंताच्या आलं असणार. आईचे शब्द कुठला मुलगा विसरतो? पण खोटं बोलणारी बाई त्याच्या साहेबाची बायको होती.

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "चहा ठेवू का?"

"नोको," ती म्हणाली. झाकण उचललं आणि फाटकातून गेली. तिनं मला विचारलं नाही, खोटं काहून बोलली म्हणून. तिनं कुणालाच काही सांगितलं नाही. का नाही सांगितलं? मुलाच्या नोकरीसाठी? की मला मूल नाही म्हणून माझी कीव आली? मला माहीत नाही. मी तेरा वर्षं दोन्ही उत्तरं आलटून पालटून वापरते.

इथे ही गोष्ट संपली असती तरी एका कुत्र्याचे डोळे आणि एका बाईचं नाव, एवढंच माझ्या माथी राहिलं असतं. पण संपली नाही.

बायकांनी तिला हाका मारणं बंद केलं. मी कुणाला सांगत सुटले नाही. कुणी विचारलं तर सांगायचे. फक्त सांगता सांगता 'मला तसं ऐकू आलं' हे गळून पडलं आणि 'त्यांनी तसं सांगितलं' एवढं उरलं. कधी गळलं ते मला कळलंसुद्धा नाही. की कळलं होतं?

रेखा बाळंतपणाला माहेरी गेली होती. मुलगी झाली. सव्वा महिन्यानं बाळ घेऊन परतली तेव्हा तिची आई सोबत आली. दोन दिवसांनी ती आई माझ्याकडे आली. सभ्य बाई, हातात पेढ्यांचा पुडा. इकडचं तिकडचं झालं, आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "बाई, तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून विचारते. कुत्र्याचं असं झालं म्हणे यांच्या औषधानं. आता त्या लेकराले तेल लावतो, न्हाऊ घालतो म्हणतात, काजळ घरीच पाडतो म्हणतात. द्यावं का हो लेकरू यांच्या हाती?"

तुम्हाला सांगते, असा सरळ प्रश्न मला आयुष्यात पुन्हा कुणी विचारला नाही. समोर एकच बाई. हे घरी नाहीत, वसंता नाही. 'द्या' एवढं एक अक्षर आणि अर्धं म्हणायचं होतं. खरं सांगायचीही गरज नव्हती. नुसतं 'खुशाल द्या' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण 'द्या' म्हणावं तर ती विचारणार, मग कुत्र्याचं काय? आणि ते उत्तर ...

मी पेढा मोडत म्हटलं, "माझं काही म्हणणं नाही. पण जपलेलं बरं."

जपलेलं बरं! किती शहाणं वाक्य. त्यात खोटं काय आहे, सांगा?

बाळाला न्हाऊ घालायला बाहेरची बाई लावली. रोज सकाळी नऊला ती यायची. आंघोळीच्या वेळी बाळ रडतंच. ते रडणं आमच्या अंगणात ऐकू यायचं. अनसामाय त्या वेळी मागच्या पायरीवर उन्हात येऊन बसायची. पाय समोर लांब केलेले, दोन्ही नडग्या जोडून, अगदी जशा जोडाव्यात तशा, आणि वर काही नाही. आतलं रडणं थांबेपर्यंत ती तशीच बसायची. मग पाय मोडून घ्यायची आणि आत जायची. मी हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहायचे. एकदा नाही. संक्रांतीपर्यंत रोज.

संक्रांत झाल्यावर ती गावी गेली, दिराच्या घरी. शेतात हात लागतात म्हणाली म्हणे. मी भेटायला गेले नाही. बाजारातून येताना वसंता दिसला, सावनेरच्या बसमध्ये पेटी चढवत होता. ती खिडकीशी होती. मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं चालायला लागले.

फ्यूज पुढे सहा वर्षं जगला. खुर्च्या-टेबलांचा अंदाज त्यानं महिनाभरात घेतला. त्याचे गोचीड मी काढायला शिकले. हातानं, तोंडापाशी धरून, सरळ वर. किळस गेली. इतक्या उशिरा जाते ती.

आणि आता सगळ्यांत वाईट. यातून मी एक गोष्ट तयार केली. आमच्या घरात लग्न असो, बारसं असो, जेवणं झाली की पोरं घेरतात — काकू, गोष्ट सांग! माझ्या गोष्टींत 'डोयाची डोई' पहिल्या नंबरची. त्यात मी म्हणजे पुण्याची बावळट सून, हातात सांडशी, आणि समोर तंबाखू चघळणारी म्हातारी: "डोईले लाव वं पोरी, डोईले!" आवाज मी हुबेहूब काढते. कुत्र्याचं शेवटी मी थोडक्यात उरकते, 'बिचाऱ्या फ्यूजचाच फ्यूज उडाला' म्हणून, आणि लोक 'अरेरे' म्हणत हसतात. मी स्वतःलाच हसते ना, म्हणून कुणाला शंका येत नाही. जो स्वतःची फजिती सांगतो तो खोटं कशाला बोलेल? ही युक्ती मला फार लवकर सापडली.

आम्ही आता नागपुरात राहतो. चार महिन्यांपूर्वी वसंता आणि रेखा घरी आली, हिंगण्याच्या बाजूला घर बांधलंय, त्याच्या वास्तूचं आमंत्रण घेऊन. मुलगीही बरोबर होती. शुभांगी. बारा वर्षांची, दोन वेण्या, चुणचुणीत. अनसामाय जाऊन आठेक वर्षं झाली. वसंतानं तेव्हा कार्ड टाकलं होतं. चहा झाला, बोलणं संपलं, आणि ह्यांनी — निर्मळ मनानं — म्हटलं, "अगं, हिला तिच्या आजीची ती गोष्ट सांग ना, डोईची!"

वसंतानं कपात पाहिलं. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. त्याच्या बोलण्याची मी वाट पाहिली, हे खरं आहे. पण तो कप बशीवर फिरवत राहिला. सगळी माझ्याकडे बघत होती. पोरगी पुढे सरकून बसली होती.

मी सांगितली. सांडशीसकट, तंबाखूसकट, आवाजासकट.

पोरगी हसून हसून लोळली. मग उठून पदर घेतल्यासारखा हात डोक्यावर धरला आणि कंबर वाकवून म्हणाली, "डोईले लाव वं पोरी, डोईले!" काय गुणी गळा! पहिल्याच फटक्यात जमलं तिला. रेखाही हसली. मग पोरगी माझ्याजवळ आली आणि विचारलं, "काकू, आजी अशीच बोलायची का हो? मला तर तिचा आवाजच आठवत नाही."

वसंतानं मान वर केली.

"हो," मी म्हटलं. "अगदी अशीच."